पेपर हाऊस की कसब्यातला वाडा?

सोलापूरच्या चित्रकारानं महिनाभर कामासाठी केरळातल्या फोर्ट कोचीला जायचं म्हटलं, की घरचे आधी विचारतात, "इथं खोल्या काय कमी आहेत?" विचारणं रास्त आहे. सोलापूरच्या जुन्या कसबा भागातल्या कितीतरी वाड्यांचे सोपे आज रिकामे पडलेत.

पेपर हाऊस (कागदाचा नव्हे, 'पेपर' म्हणजे मिरी) हे कोचीच्या बंदराकाठचं मसाल्याचं जुनं गोदाम. मधे चौक आणि कडेला डच धाटणीच्या कौलारू इमारती. बिएनाले हे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन भरवणाऱ्या कोची बिएनाले फाउंडेशननं तिथं कलाकारांसाठी रेसिडेन्सी, म्हणजे काही दिवस राहून काम करण्याची सोय, चालवली आहे. समुद्र म्हणजे वाळूचा किनारा मात्र मनात धरू नका. समोर बंदराचं पाणी आहे, त्यातून जहाजं आणि फेरीबोटी जातात.

चौक आपल्या वाड्यालाही असतो. फरक हवेचा आहे, आणि काम करणाऱ्याला तो फार जाणवतो. एका जुलैत मी फोर्ट कोचीत भाड्याच्या खोलीत पंधरा दिवस राहिले. सोबत नेलेल्या हातकागदाला आठवड्यात लाटा आल्या, दुसऱ्या आठवड्यात बुरशी. तैलरंग वाळता वाळेना. जलरंग मात्र इतका वेळ ओला राहायचा, की रंगात रंग मिसळण्याची मजा मला तिथंच कळली. सोलापुरात एप्रिलमध्ये अॅक्रिलिक ब्रशवरच सुकतं. वाड्याच्या माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपराखाली, जाड भिंतींच्या आत थोडा गारवा मिळतो, पण माळवदी खोलीत उजेड कमी. रंगकामाला ही मोठी अडचण आहे.

तुमचं काम सुताचं असेल, तर मी जाऊ नका असंच म्हणेन. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, चार गल्ल्यांत सूत, रंगारी, माग आणि चूक दाखवणारा विणकर भेटतो. १८७०च्या दशकात 'जुनी मिल' ही कापडगिरणी निघाली तेव्हापासून हे शहर धाग्यावर जगलंय. ते ज्ञान पेटीत भरून नेता येत नाही.

चित्र, रेखाटन, छायाचित्रण असेल तर जा. आपल्याकडे कमी आहे ती जागा नव्हे, काम बघून प्रश्न विचारणारी परकी माणसं. पहिलं बिएनाले १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झालं, तेव्हापासून अशी माणसं कोचीत येत राहिली आहेत. वाड्यात कामाकडे पाहायला येतो तो शेजारी, आणि तो कौतुकच करतो. मला स्वतःला त्या कौतुकानं बरीच वर्षं अडवून ठेवलं.

जाणं अवघड नाही. पुणे–कन्याकुमारी एक्स्प्रेस सोलापूरवरून थेट एर्नाकुलमला जाते, पुढे बोटीनं फोर्ट कोची. जानेवारीत गेलात तर सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि तिच्या मिरवणुकीतले सात नंदीध्वज चुकतील, तेवढं मनाशी ठरवा. अर्ज करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: प्रवासखर्च कोणाचा, साहित्याचा खर्च कोणाचा, आणि झालेलं काम परत पाठवायचा खर्च कोणाचा. मोठ्या कॅनव्हासला तिसराच सगळ्यात जड पडतो.