खडेबाजारच्या बोळातून आणलेली सर्व्हरची जोडी

बेळगावात सर्व्हर कुठे मिळेल असं विचारलं की निम्मे लोक पुण्याचा नंबर देतात, उरलेले हुबळीचा. मला गावातलंच दुकान हवं होतं. रात्री अकराला काही अडलं तर स्कूटरवरून येऊ शकेल असा माणूस पाहिजे, म्हणून खडेबाजाराच्या मागच्या बोळातल्या या दुकानात गेलो.

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. आमचं ईआरपी, म्हणजे स्टॉकपासून बिलापर्यंत सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसलं की इनव्हॉइस निघत नाही, इनव्हॉइस नाही तर ई-वे बिल (माल रस्त्याने न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) नाही, आणि त्याशिवाय कास्टिंगचा ट्रक कोगनोळी ओलांडून कोल्हापूरकडे नेणार कोण? गेल्या पावसाळ्यात एकुलत्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला आणि तीन ट्रक दोन दिवस गेटवर उभे राहिले. मालक दर तासाला केबिनच्या दारात येऊन एवढंच विचारायचे, "अजून काय करूलास?"

म्हणून यंदा जोडी घेतली, एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. वापरलेले पण तपासून दिलेले दोन डेल पॉवरएज आर७३०. प्रत्येकात दोन झिऑन प्रोसेसर, १२८ जीबी ईसीसी (स्वतःची चूक पकडून सुधारणारी) रॅम, दोन पॉवर सप्लाय. जोडीचे २,७०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. दुकानदारकाकांनी आधी एक मोठा, एक लहान असा जोड सुचवला होता. "दुसरा नुसता उभाच असतोय की!" ते मी ऐकलं नाही. पहिला पडला की सगळं ओझं दुसऱ्याने एकट्याने उचलायचंय, मग तो लहान कसा चालेल? एसएसडीवरूनही थोडं वाजलं. ते घरगुती पीसीतल्या देत होते. मला लाइट गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्यापुरता कपॅसिटर असलेल्या हव्या होत्या. चार दिवस थांबायला लावलं, पण आणून दिल्या.

जोडणीला आलेला पोरगा मात्र हुशार निघाला. दोन मशीनमध्ये थेट दहा गिगाबिटची केबल टाकली, त्यावर डीआरबीडी बसवलं, हे सॉफ्टवेअर एका मशीनच्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्यावर ठेवतं. प्रोटोकॉल सी, म्हणजे दोन्हीकडच्या डिस्कवर लिहिल्याशिवाय नोंद झाली असं धरायचं नाही. दोन्ही मशीन एकमेकींची 'जिवंत आहेस का?' अशी नाडी बघतात, ते काम कोरोसिंक या सॉफ्टवेअरचं; ती नाडी दोन वेगळ्या नेटवर्कवरून घेतली. काम कोणी चालवायचं यावर दोघांत भांडण झालं तर तिसरं मत हवं, त्यासाठी वजनकाट्याच्या केबिनमधला जुना पीसी कामाला लावला. काट्याची लाइन वेगळी आहे, हे त्याने न सांगता विचारून घेतलं.

मग आलं फेन्सिंग, म्हणजे गप्प झालेल्या मशीनला दुसरीने बंद पाडणं. याचं दुसरं नाव स्टोनिथ, सरळ मराठीत 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाल'. मालक म्हणाले, "चालू मशीन मारायची कशाला?" मी सांगितलं, दोन कारकुनांनी स्टॉकच्या वहीची एकेक प्रत घरी नेऊन एकमेकांना न विचारता नोंदी केल्या तर मार्चअखेर काय होईल? समोरचा खरंच गेलाय की नुसती वायर तुटलीय हे दुसऱ्याला कळत नाही. म्हणून आधी त्याची पॉवर तोडायची, मग वही हातात घ्यायची.

पोराने लॅनची वायर उपटून दाखवली, सगळं बरोबर झालं. सही घेतली, चहा प्याला, गेला. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या मशीनच्या दोन्ही पॉवर कॉर्ड खेचल्या. दुसरी ढिम्म! ती पहिलीच्या आयड्रॅकला, म्हणजे मशीन लांबून बंद-चालू करणाऱ्या तिच्यातल्याच छोट्या कॉम्प्युटरला, 'मशीन बंद कर' सांगत राहिली, आणि आयड्रॅक त्याच कॉर्डवर जगतो, तो कुठून उत्तर देणार? खात्री नाही म्हणून ईआरपी उचललंच नाही. ज्या दिवसासाठी पैसे घातले, नेमक्या त्याच दिवशी जोडी बसून राहिली असती.

फोन केला, तासाभरात पोरगा दारात. वाद घातला नाही. संध्याकाळपर्यंत नेटवर्कवरून बंद-चालू होणारे दोन पीडीयू, म्हणजे सॉकेटच्या पॉवरपट्ट्या, आणून लावले, मजुरी घेतली नाही. आधी आयड्रॅकला विचारायचं, तो गप्प असेल तर पीडीयूचे दोन्ही सॉकेट तोडायचे. दोन्ही, कारण एकच तोडला तर मशीन दुसऱ्या सप्लायवर जिवंतच राहते. याच निमित्ताने दिसलं की त्याने चारही कॉर्ड एकाच यूपीएसवर दिल्या होत्या. आता प्रत्येक मशीनच्या दोन कॉर्ड दोन वेगळ्या यूपीएसवर आहेत. पुन्हा खेचून बघितलं, दीड मिनिटात लॉगिन आलं.

फौंड्रीची धूळ लोखंडाची असते, पंख्यातून आत गेली की शॉर्ट करते. काकांनी हे आधीच विचारून सर्व्हर वरच्या मजल्यावर, फिल्टरच्या खोलीत ठेवायला लावले. त्यांचं हे मला आवडलं.

पाचपैकी चार. एक गुण कॉर्ड न खेचता सही घेतल्याबद्दल कापला. तुम्ही गेलात तर बिल देण्याआधी कॉर्ड स्वतः खेचा, आणि पोराकडून वायरींना लेबलं लावून घ्या. आमच्याकडे त्याने मराठी आणि कन्नड दोन्हीत लावलीत, रात्रपाळीच्या वॉचमनलाही वाचता येतात. बोळात चारचाकी शिरत नाही, गाडी लांब लावून चालत जा.