चाप हलका करायच्या नादात 67,849 रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात तो रोज वाढतोय. कोणी दोन लाख म्हणतं, कोणी म्हणतं बंदूकच चोरीला गेली. चाप, म्हणजे ट्रिगर, हलका करायचे सुटे भाग फोनवरून मागवले आणि फसवलो गेलो. गेले ते 67,849 रुपये, पाच हप्त्यांत. आणि बंदूक नाही, रिव्हॉल्व्हर आहे. ते चोरीला गेलं नाही, पण सध्या माझ्याकडेही नाही. त्याची वेगळीच रामकहाणी आहे, पुढे येईल.

आमचा धंदा संत्र्याचा. वरूड, मोर्शी, काटोल या पट्ट्यात बगीचे उक्ते घ्यायचे, माल तोडून बाहेर पाठवायचा. बहार निघाला की मजुरी, क्रेटचं भाडं, शेतकऱ्याचा विसार, बरंचसं अजून नगदीच चालतं. लोक म्हणतात आता सगळं मोबाइलवर होतं. शनिवारी संध्याकाळी चुकाऱ्याला बसलेल्या तोडणीच्या बायांना मोबाइल दाखवून पाहा एकदा. म्हणून 2013 पासून माझ्याकडे .32 बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप) रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे आणि हंगामात ते रोज कमरेला असतं. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांतला मी नाही, 2024 मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला दोन्ही वेळा सांगितलेल्या दिवशी ठाण्यात जमा केलं आणि निकालानंतर परत आणलं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो, ज्याच्याकडे आहे त्याला सांगायला नको. चाप ओढला की त्याच ओढीत घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा, मागे जातो, काडतुसांची चक्री एक घर फिरते, मग घोडा पडतो. सगळी मेहनत एका बोटाची. माझं ते बोट 2019 मध्ये ट्रॉलीच्या हुकात सापडलं होतं. थंडीत ते वाकतं, पण जोर देत नाही. डिसेंबरमध्ये रात्री साडेनवाला बगीच्यातून येताना दोन मोटारसायकली चारेक किलोमीटर माझ्या गाडीमागे राहिल्या. फाट्यावर वळून गेल्याही. वरातीची पोरं असतील. पण तेवढ्या वेळात माझा हात कमरेला गेला होता आणि डोक्यात एकच चालू होतं, या बोटाने ओढताना नळी हलणार आणि पहिली गोळी डांबरात जाणार.

तिथून किडा वळवळायला लागला. भाच्याने व्हिडिओ काढून दिले. अमेरिकेत रोज कमरेला पिस्तूल लावणाऱ्या लोकांत हा मोठा वादाचा विषय आहे, चाप हलका करून घ्यावा की कारखान्यातून आला तसाच ठेवावा. तिथे खूप चालणाऱ्या ग्लॉक पिस्तुलाचा चाप मुळात साडेपाच पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळपास अडीच किलोचा. तो आणखी हलका करणारे सुटे भाग तिकडे सर्रास विकले जातात. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की घाबरलेल्या माणसाच्या हातात हलका चाप म्हणजे नको तेव्हा गोळी सुटणं, आणि पुढे कोर्टात वकील हाच हलका केलेला चाप तुमच्या नाकासमोर धरणार. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर वर्षानुवर्षं आपल्या पिस्तुलांचा चाप मुद्दाम जड ठेवला, 12 पौंडांचा. हे सगळं मी ऐकलं होतं. अर्ध्यावर पुढे सरकवलं. आपल्याला पाहिजे तेवढंच माणूस ऐकतो.

बायको म्हणाली, "बोट दुखते तं डॉक्टरले दाखवा नं, त्या लोखंडाले काऊन औषध देता?" तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो.

11 जानेवारी, शनिवार. व्हिडिओखाली दिलेल्या नंबरवर मेसेज टाकला. पाचव्या मिनिटाला फोन. गोड हिंदी. "सर जी, स्प्रिंग और ट्रिगर दोनों, बीस मिनट में लग जाएगा, मक्खन." किंमत 3,499. त्याने फोटो पाठवला आणि तो फोटो मी आजही मोबाइलमधून काढलेला नाही.

रोज रात्री झोपायच्या आधी तो फोटो उघडून बघतो मी. काळ्या कापडावर चार भाग मांडलेले. वाकडी पत्ती, चाप, दोन स्प्रिंगा. आणि मागे धूसर दिसतंय ते पिस्तूल. पिस्तूल! चक्री नाही, बाहेर घोडा नाही. अरे, अकरा वर्षं मी रिव्हॉल्व्हर उघडून पुसतोय, तेल देतोय. डोळे झाकून हातात दिलं तरी चक्री कोणत्या बाजूची ते सांगेन. त्या माणसाने एकदाही विचारलं नाही की तुमचं हत्यार कोणतं. फक्त "32 है ना?" एवढंच. मी "हाँ" म्हणालो. ज्या जातीच्या पिस्तुलाचे ते भाग, ती बहुतेक 9 एम.एम.ची. तो बोअर आपल्याकडे साध्या माणसाच्या परवान्यात बसतच नाही. ट्रॅक्टरच्या माणसाला कोणी मोटारसायकलची चेन दाखवली तर तो हसेल की नाही? मी पैसे टाकले. नाव आलं ते एका बाईचं. तिथेही बोट थांबलं नाही. चापावर जोर न देणारं माझं बोट पिन टाकताना मात्र एकदम तरतरीत.

14 तारखेला, ऐन संक्रांतीला, कस्टमचे 8,750. परत मिळणारे म्हणे. 17 तारखेला "परवाना मंजुरी" 12,600, आणि त्यासाठी परवान्याच्या पानांचा फोटो आणि रिव्हॉल्व्हरवरचा नंबर दिसेल असा फोटो. तोही पाठवला. परवान्याचा फोटो कोणालाही पाठवू नका. नाव, पत्ता, शस्त्राचा नंबर, सगळं एका पानावर असतं आणि पुढची गळचेपी त्याच पानाने होते.

कारण 21 तारखेला व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दी, मागे भिंतीवर मोठं चिन्ह. माझं पार्सल पकडलं म्हणे, आर्म्स ॲक्ट, कलम 25, आणि त्याने माझा परवाना क्रमांक घडाघडा वाचून दाखवला. "डिजिटल अरेस्ट", म्हणजे व्हिडिओ कॉलवरूनच अटक, हा प्रकार कायद्यात नाही हे मला माहीत नव्हतं का? होतं. पेपरात वाचून चावडीवर दुसऱ्यांना सांगितलं होतं मीच. पण ते कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणून घाबरवतात, तेव्हा माणसाला निदान माहीत असतं की आपण काही मागवलं नाही. मी मागवलं होतं. शस्त्राचे सुटे भाग कायद्याच्या लेखी शस्त्रातच मोडतात, आणि बाहेर देशातून आणायला वेगळा परवाना लागतो, हे त्या वर्दीवाल्याने अगदी बरोबर सांगितलं. त्याचं हे एवढंच खरं होतं आणि त्यावरच मी मेलो. त्या दिवशी 25,000. दुसऱ्या दिवशी "फाइल बंद" करायला 18,000. 24 तारखेला त्याने आणखी 40,000 मागितले. खात्यात तेवढे नव्हते म्हणून थांबलो. शहाणपण आलं म्हणून नाही.

पैसे गेले की पहिल्या तासात 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी पहिल्या हप्त्यानंतर तेराव्या दिवशी केला. नंबर लागला, तक्रार नोंदली, मेसेजही आला. पैसे तोवर पुढच्या पुढच्या खात्यांत निघून गेलेले. बँकेत गेलो. तीन दिवसांत कळवलं तर पैसे परत, असा नियम आहे ना, म्हटलं. तो नियम दुसऱ्याने तुमच्या नकळत काढलेल्या पैशांसाठी आहे. "पिन तुम्हीच टाकला ना काका?" हो, मीच टाकला. पण ज्या खात्यात टाकला ते खातं कोणी उघडून दिलं, हे विचारल्यावर ती पोरगी पुढच्या माणसाचं पासबुक छापायला लागली.

आणि ठाणं. 25 तारखेला गेलो तर 26 जानेवारीचा बंदोबस्त, मंगळवारी या. मंगळवारी गेलो तर साहेब कोर्टात. गुरुवारी नेट बंद. मग कोणी सांगितलं की हे काम सायबर कक्षाचं, जिल्ह्याला जा. बसने अडीच तास. तिथल्या बाईंनी कागद वाचलाही नाही, आधी विचारलं, "ठाणं कोणतं तुमचं? तिथेच द्या ना." परत अडीच तास. पाचव्या खेपेला एक जण लिहून घ्यायला बसला. त्याचं आणि माझं बोलणं शब्दाला शब्द आठवतं मला.

"काय खरेदी केलं होतं?"

"सुटे भाग."

"कायचे?"

मी गप्प.

"मोटरचे काय, दादा?"

"रिव्हॉल्व्हरचे."

पेन खाली ठेवला त्याने. तिथून पुढे चोर बाजूला आणि मी आरोपी. परवाना आणा, हत्यार दाखवा, काही बदल केला का, कोणाकडे दिलं होतं का, काडतुसं किती वापरली. ज्याने मला लुटलं त्याचा नंबर तेव्हाही चालू होता. मी म्हटलं, साहेब, आता लावून पाहा, उचलतो तो. लावला नाही कोणी. वर मलाच सांगितलं की चौकशी होईपर्यंत रिव्हॉल्व्हर जमा करा. भाग मागवले, आले नाहीत, बसवले नाहीत, तरी हत्यार माझंच जमा. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 आहे म्हणे. माझ्या अर्जावर ते अजून कोणी लिहिलेलं नाही.

मधल्या काळात एक जण "पैसे परत मिळवून देतो, फी 2,999" म्हणून फोन करून गेला. तोही त्यांच्यातलाच, किंवा त्यांनी माझा नंबर विकलेला. उचलू नका.

नागपूरला एका परवानाधारक बंदूकवाल्याकडे गेलो ते सगळं झाल्यावर, म्हणजे बैल गेल्यावर. म्हातारा माणूस. म्हणाला, चापाचं काम करायला दुकानालाच आर्म्स ॲक्टच्या कलम 5 खालचा परवाना लागतो. विनापरवाना कोणी केलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं. आणि घोड्याची स्प्रिंग ढिली केली तर चाप हलका होईल, पण घोडाही हलकाच पडेल आणि काडतुसाची टोपी फुटणारच नाही, नेमकी त्या रात्री. "तुम्हाला नेम धरून मारायचं तर अंगठ्याने घोडा मागे ओढा. चाप तेव्हा आपोआप हलका. तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते आधीपासून आहे. पण तसा ओढलेला घोडा घेऊन फिरू नका म्हणजे झालं." किती झाले, विचारलं. त्याने चहा पाजला.

11 फेब्रुवारीला रिव्हॉल्व्हर आणि 14 काडतुसं जमा केली. घरी येऊन पावती चष्मा लावून वाचली, तिच्यावर काडतुसं 12 लिहिली आहेत. त्या दोन काडतुसांसाठी सोमवारी परत ठाण्यात जायचंय.