वजनाचं स्टिकर खोटं होतं: जंपिंग स्टिल्ट्सच्या पहिल्या जोडीत झालेली फसवणूक

पायाला बांधून उंच उड्या मारायच्या जंपिंग स्टिल्ट्सची पहिली जोडी घ्यायची असेल, तर तिच्या स्प्रिंगसारख्या पाट्यावरचा किलोंचा आकडा खरा आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा. रंग, कंपनीचं नाव, सोबत फुकट मिळणारं हेल्मेट हे सगळं त्यानंतर. माझ्या धाकट्या भावाला विकलेल्या जोडीवर ‘७०-९० किलो’ असं स्टिकर होतं. त्याच्याखाली दुसरं स्टिकर निघालं, ‘५०-७०’. भावाचं वजन ७६. पाटा उभा चिरला, भाऊ डाव्या खांद्यावर पडला आणि कॉलरबोन मोडली. ‘खेळ म्हटलं की लागायचंच’ असं भेटायला येणारे म्हणाले. मला ते पटत नाही. हे खेळामुळे झालेलं नाही, एका माणसाने जाणूनबुजून आकडा बदलला म्हणून झालेलं आहे, आणि म्हणूनच सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ही वस्तू जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाऊल एका पट्टीवर ठेवून बकलांनी आवळायचं, गुडघ्याखाली पोटरीभोवती कफ बांधायचा. पायाच्या मागून फायबरग्लासचा एक वाकलेला पाटा खाली येतो आणि जमिनीला टेकणाऱ्या रबरी टापेच्या वर संपतो. घालून उभं राहिलं की माणूस दीडेक फूट उंच होतो. आलेक्झांडर ब्योक या जर्मन अभियंत्याने ही रचना केली आणि ‘पॉवरस्किप’ नावाने ती बाजारात आणली. त्याच्याच आडनावावरून या खेळाला पॉवरबॉकिंग म्हणतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या समारोप सोहळ्यात हे घालून उड्या मारणारे कलाकार होते. भावाने तो व्हिडिओ पाहिला आणि त्याच्या डोक्यात हेच बसलं. तो लहानपणापासून साताऱ्यात मल्लखांब करतो. अंग लवचीक, तोल उत्तम, आणि पडावं कसं हे शिकलेला. म्हणूनच मी त्याला हो म्हटलं आणि पैसेही मीच दिले.

आता त्या पाट्याबद्दल, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. ट्रकच्या कमानपाट्यासारखंच याचं काम चालतं. वजन आलं की वाकतो, सुटलं की झटक्यात सरळ होतो आणि तुम्हाला वर फेकतो. किती वाकायचं हे त्याच्या जाडीवर आणि घडणीवर ठरलेलं असतं. म्हणून जोड्या वजनाच्या पट्ट्यांत विकल्या जातात. मोठ्यांसाठी साधारण ५०-७०, ७०-९० आणि त्यावरची अशा पट्ट्या असतात, मुलांसाठी त्याहून खालच्या. हलक्या माणसाने जड पाटा घेतला तर तो वाकतच नाही, उडी मिळत नाही, आणि प्रत्येक पावलाचा दणका गुडघ्यांना आणि कमरेला बसतो. जड माणसाने हलका पाटा घेतला तर सुरुवातीला उलट छान वाटतं. मऊ लागतो, सहज वाकतो. नवख्याला वाटतं, वा, किती सोपं आहे. पण उडी मारून खाली येताना पाट्यावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. तेव्हा तो त्याच्या मर्यादेपलीकडे वाकतो आणि आतले काचेचे धागे एकेक करून सुटू लागतात. लोखंड आधी वाकून इशारा देतं. फायबरग्लास वाकलेलं राहत नाही, ते पुन्हा सरळ होतं आणि वरवर धडधाकट दिसत राहतं. मग एक दिवस चिरतं.

नवखा माणूस इथेच पूर्णपणे विकणाऱ्याच्या हातात असतो. योग्य पाटा पायाखाली कसा लागतो हे त्याला माहीतच नसतं, तुलना करायला दुसरी जोडी नसते. त्याच्याकडे फक्त तो छापलेला आकडा असतो.

आम्ही जोडी एका ऑनलाइन बाजारपेठेवरून घेतली, दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून. जाहिरातीत ‘नवीन, पेटीबंद, जर्मन तंत्रज्ञान’ असं होतं. किंमत अठरा हजार. फोटोंमध्ये पाटे होते, पण त्यांच्यावरचा आकडा कुठेच नीट दिसत नव्हता. भावाने विचारलं, “कोणत्या वजनासाठी आहे?” समोरच्याने उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, “तुमचं वजन किती, सर?” त्याने ७६ सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोटो आले, त्यात पाट्यावर ठळक ‘७०-९०’. व्हिडिओ कॉलही झाला. माणूस अदबीने बोलणारा, पट्ट्या, बकलं, टापा एकेक करून दाखवत होता. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड मोफत देतो म्हणाला. आता मागे वळून पाहिलं की तो एक उलटा प्रश्नच सगळं सांगतो. माल त्याच्याकडे एकच होता, गिऱ्हाईक बघून आकडा ठरणार होता. ज्याच्याकडे खरा माल असतो तो आधी आकडा सांगतो.

जोडी आली. पाटे काळेभोर, चकचकीत. पेटीवर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, कुठल्या देशात बनलं तेही नाही. बिल म्हणून एक साधा कागद, त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. बिलाबद्दल मी त्याच संध्याकाळी विचारलं, ‘मेल करतो मॅडम’ असं उत्तर आलं. ती मेल आजपर्यंत आलेली नाही.

भावाने सुरुवात अगदी रीतसर केली. उंच ओट्यावर बसून बांधायचं, भिंतीला धरून उभं राहायचं, एका जागी थांबायचं नाही कारण टाप इतकी लहान असते की सतत पावलं टाकल्याशिवाय तोल राहत नाही. कोरडं डांबरी मैदान, हेल्मेट, मनगटाचे गार्ड, कोपर आणि गुडघ्यांचे पॅड. त्याच्या शिस्तीत बोट ठेवायला जागा नव्हती. काही दिवसांत छोट्या उड्या सुरू झाल्या आणि तेव्हा तो म्हणाला, “ताई, खाली येताना काहीतरी ठप्प आपटल्यासारखं होतंय.” पाटा पूर्ण दबून शेवटाला टेकत होता. हलक्या पाट्याची ही अगदी ठरलेली खूण आहे.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, “नवीन स्प्रिंग आहे, रुळायला दोन आठवडे लागतात. वापरत राहा.” परत करण्याची मुदत सात दिवसांची होती. मुदत संपेपर्यंत प्रत्येक फोनला त्याने हेच उत्तर दिलं, आणि संपल्यावर फोन उचलणं बंद केलं. फायबरग्लासचा पाटा असा रुळत वगैरे नाही. पहिल्या दिवशी जसा असतो तसाच त्याच्या आयुष्यभर असायला हवा. पट्ट्या आणि बकलं थोडी सैलावतात, तेवढंच. ‘रुळू द्या’ असं कुणी म्हणालं तर तो तुमची परतीची मुदत संपवतो आहे असं समजा, आणि त्याच दिवशी परतीची विनंती नोंदवा.

पडल्याचं फार लिहीत नाही. उजवा पाटा उतरताना चिरला, मोठा आवाज झाला आणि भाऊ वळून खांद्यावर आला. हेल्मेट स्वतःच्या पैशांनी घेतलेलं चांगलं होतं म्हणून डोकं वाचलं. विक्रेत्याने दिलेलं फुकटचं हेल्मेट नुसत्या पातळ प्लॅस्टिकचं होतं. ते आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढलं होतं.

जोडी खरं काय आहे हे कळलं ते पुण्यात इव्हेंटमध्ये याच स्टिल्ट्सवर काम करणाऱ्या एका मुलामुळे. त्याने पाटा हातात घेतला आणि आधी कडांवरून नख फिरवलं. रंग सुटला. खाली मूळ पृष्ठभागावर पांढऱ्या रेषा होत्या. पाट्याचे धागे तुटू लागले की त्या जागी असं पांढुरकं दिसतं, आणि ते झाकायलाच वरून काळा स्प्रे मारला होता. मग त्याने बोल्टची भोकं दाखवली. नव्या पाट्यात ती गोल असतात, आमची लांबट झाली होती, आणि वॉशर बसल्याच्या दोन वेगवेगळ्या खुणा होत्या. म्हणजे हे पाटे आधी दुसऱ्या कुठल्या तरी सांगाड्यावर वापरून झाले होते. शेवटी हेअर ड्रायरने स्टिकर गरम करून त्याने ते अलगद सोडवलं, तेव्हा खालचा आकडा दिसला. म्हणजे वापरलेला, थकलेला, हलक्या माणसाचा पाटा रंगवून जड माणसाला नवीन म्हणून विकला होता. माझा राग अठरा हजारांसाठी नाही. समोरच्या मुलाचं वजन विचारून, ते लक्षात ठेवून, त्यानंतर ते स्टिकर चिकटवायला हात कसा धजला, हे मला आजही समजत नाही.

त्या मुलाने जे तपासून दाखवलं ते कुणालाही घरी करता येईल. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून पाट्याच्या दोन्ही कडा आणि बोल्टच्या आसपासची जागा पाहा. उभी रेघ, पांढरा डाग, उचकटलेला पदर, यातलं काहीही दिसलं तर जोडी बाद. नाण्याने टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगला पाटा सगळीकडे सारखा टणक वाजतो, आतून पदर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. दोन्ही पाटे शेजारी ठेवून जाडी आणि वाक जुळतो का बघा. आकडा पाट्यावर छापलेला असेल तर बरं, स्टिकर असेल तर त्याची कड नखाने उचलून पाहा. विकणारा नाही म्हणाला तर घेऊ नका. टापेचं रबर एका बाजूला झिजलेलं असेल तर ‘नवीन’ हा शब्द तिथेच खोटा ठरतो. ऑनलाइन घेत असाल तर पेटी उघडण्याचा अखंड व्हिडिओ काढा आणि हे सगळं त्याच व्हिडिओत करा. व्हिडिओ कॉलवर दाखवलेली जोडी आणि घरी आलेली जोडी एकच आहे याची खात्री नुसत्या कॉलने होत नाही. म्हणून कॉल चालू असताना पाट्यावर मार्करने तुमचं नाव लिहायला सांगा आणि तीच जोडी पाठवायला सांगा.

वजन धरताना अंगावरचे पॅड, बूट, हेल्मेट सगळं धरा. ८८ किलोच्या माणसाने ७०-९० ची जोडी घेऊ नये, कारण सगळं चढवल्यावर तो नव्वदीच्या पुढे गेलेला असतो. आणि ‘४० ते १२० किलो, सर्वांसाठी एकच मॉडेल’ असं लिहिलेली जाहिरात दिसली तर पुढे वाचूच नका. पाट्याचं काम पाहता ते शक्यच नाही.

‘जर्मन’ या शब्दालाही भुलू नका. शोध जर्मनीतला असला तरी आज बाजारात मिळणाऱ्या जोड्यांपैकी पुष्कळ चीनमध्ये बनतात. त्यात गैर काही नाही, वाईट काय ते लपवण्यात आहे. आयात केलेल्या पेटीबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर उद्या सुटा पाटा किंवा टाप बदलून मागायलाही तुमच्याकडे कुणी नाही.

तक्रारीचं काय झालं तेही सांगते. बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने पहिलं उत्तर दिलं, ‘वापरलेला माल परत घेता येत नाही.’ हे चूक आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार ४८ तासांत पोचल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात निकाली काढायची, असंही त्याच नियमांत आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, त्यानंतर बाजारपेठेने किंमत परत केली. पण दवाखान्याचा खर्च आणि भावाची बुडालेली मजुरी हे वेगळं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८६ मध्ये सरळ म्हटलंय की विक्रेत्याने वस्तूत बदल केला आणि त्या बदलामुळे इजा झाली तर तो जबाबदार. आमचं प्रकरण यात चपखल बसतं. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही साताऱ्यात दाखल केली आहे. पैसे पाठवल्यावर विक्रेता गायबच झाला, माल आलाच नाही, अशी गोष्ट असेल तर ती सायबर फसवणूक, तिथे लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

प्रकरण चालू असेपर्यंत चिरलेला पाटा, दोन्ही स्टिकरं आणि पेटी पुरावा म्हणून जपून ठेवली आहेत. उरलेला एक पाटा ‘अजून बरा दिसतो, विकून टाका’ असं एकाने सुचवलं. तो निकालानंतर करवतीने कापून टाकणार आहे. तुमच्याकडे आधीच आलेल्या जोडीवर स्टिकरखाली स्टिकर असेल, किंवा उतरताना ठप्प आवाज येत असेल, तर त्यावर आज उभे राहू नका. कड उचला, फोटो काढा आणि १९१५ ला फोन करा.