कुलरबद्दल विचारायचं कुठे: गटचर्चेत की घरी?

नागपुरात कुलर वापरणाऱ्यांचा अनुभव समजून घ्यायला दोन वाटा आहेत. एक, सहा ते दहा जणांची गटचर्चा. तिची मुळं समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या १९४०च्या दशकातल्या केंद्रित मुलाखतींत आहेत. तक्रारींचा आवाका लवकर कळतो, पण मोठ्याने बोलणाऱ्यामागे बाकीचे माना डोलावतात.

दुसरी, घरी जाऊन एकेकाची मुलाखत. वेळखाऊ खरी, तरी माझी पसंती हीच. मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या घरी, कुलर सुरू असतानाच म्हणावं, "काकू, पाणी कसं भरता ते दाखवा ना." बादली किती उंच उचलावी लागते, खस कोण बदलतं, आवाजामुळे टीव्ही किती मोठा करतात, हे गटचर्चेत कुणाला आठवतही नाही. "आवडतो का?" मात्र विचारू नये, पाहुण्याला लोक होच म्हणतात. नाव, रंग, किंमत यांवर मतं हवी असतील तर गट पुरेसा आहे.