५१,८१० रुपयांचा बोलका डबा

नजर अधू असलेल्या पोरीसाठी 'वाचन यंत्र' म्हणून एक डबा घेतला आणि फसलो. आधी आकडे सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. हॉलमध्ये ५,००० रोख. दुसऱ्या दिवशी ४१,५०० यूपीआयने. 'अनुदान फाईल चार्ज' १,७७०, त्यात जीएसटी धरलाय म्हणे, पावती मात्र नाही. तीन महिन्यांनी 'लायसन रिन्युअल' ३,५४०. झाले ५१,८१०. परत आला एक रुपयासुद्धा नाही.

माझी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथची छोटी शेड आहे. कास्टिंगवर हातोडी टिचकावली की नुसत्या आवाजावरून आत चीर आहे का ते सांगतो. बावीस वर्षांत मला कुणी खराब माल गळ्यात मारलेला नाही. असल्या माणसाला स्टेशनजवळच्या एका लॉजच्या हॉलमध्ये, चहा-बिस्किट देऊन, टोपी घातली.

मुलगी अकरावीला आहे. तिचा ७५ टक्के दृष्टिदोषाचा दाखला आहे. मोठी अक्षरं डोळ्याला चिकटवून वाचते, बाकीचं ऐकून. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: 'दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एआय वाचन यंत्र, खिशात मावणारं, मराठी बोलणारं, निम्मे पैसे सरकारी अनुदानातून परत.' पुढचं तुम्हाला माहीतच आहे. टाय लावलेला माणूस, गळ्यात ओळखपत्र, 'आजच्या आज बुकिंग केलं तरच', आणि पुढच्या रांगेत त्याचेच दोघे-तिघे 'पालक'.

डेमो झाला तो त्याच्याच लॅमिनेट केलेल्या पेपरच्या पानावर. डबा वर धरला, खणखणीत मराठी वाचलं. मग पाचशेची नोट ओळखली. टाळ्या. पोरीनं दप्तरातलं इतिहासाचं पुस्तक काढलं आणि म्हणाली, "ह्यावर धरून दाखवा." तो हसला. "ताई, डेमो पीस लॉक असतो, तुमच्या मशीनमध्ये सगळं चालू करून देतो."

आणि तेवढ्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पा, ह्यो आवाज माझ्या मोबाईलातलाच हाय की. टॉकबॅकचा." टॉकबॅक म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय.

मी तिला कोपर मारलं. गप्प बस म्हणून. चारचौघांत शंका काढते, साहेब काय म्हणतील! हे मी अजून गिळू शकलेलो नाही. जिला दिवसाचे दहा तास त्या आवाजाशिवाय दुसरी सोबत नाही, तिनं तो एका वाक्यात ओळखला. आणि आवाजावर पोट भरणारा मी तिचंच तोंड बंद केलं.

दुसरी खूण पैसे पाठवताना दिसली होती. स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे." पटलं. का पटलं? बारावीच्या आत पोरीला काहीतरी हातात द्यायचं होतं म्हणून. हसा, पण तुमच्या घरात असं पोर असेल तर तुम्हीही पिन टाकला असता.

डबा घरी आला. छापील साधं पान बरं वाचायचा. तक्ता आला की ओळी एकमेकींत घुसायच्या, बाईंनी हातानं लिहिलेल्या नोट्स त्याला कळायच्याच नाहीत, संध्याकाळी लाईट कमी असली की गप्प. लायसन संपलं म्हणून बंद पडला तेव्हा मी मूर्खासारखे आणखी ३,५४० भरले. शेवटी राजारामपुरीतल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराकडे नेला. त्यानं जाड रबरी कव्हर सोललं, नखानं एक स्टिकर उचकटला. खाली सिमचा ट्रे. "काका, हा साधा अँड्रॉइड फोन आहे. सहा-साडेसहा हजाराचा. अ‍ॅप प्ले स्टोअरवर फुकट मिळतं, बाकीची बटणं लपवलीत फक्त."

टॉकबॅक तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतो. मी विकत घेतलं काय मग? रबर!

आता तक्रारीची कथा ऐका. पोलीस ठाण्यात: "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा." सायबरवाल्यांनी सांगितलं, समोरासमोर भेटून दिलेत, हे सायबर नव्हे. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. तिघांचंही खरं असेल, पण माझे पैसे गेले हे कुणाच्याच टेबलावर येत नाही. अनुदानाचं विचारायला एका सरकारी कार्यालयात गेलो. "आम्ही कुठं पाठवलं होतं त्याला?" पुढच्या वेळी म्हणे, मुलीला घेऊन या, सही लागेल. आणलं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. वर गेल्यावर तिच्या हातात बारीक छापलेला फॉर्म दिला आणि म्हणाले, "भरा." मी म्हटलं, साहेब, तिला दिसत नाही म्हणून तर आलोय. साहेब तिच्याकडे बघून म्हणाले, "थोडं दिसतंय की." त्या दिवशी मी जिना कसा उतरलो मला ठाऊक.

दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत उपकरण अधिकृत संस्थांच्या मार्फत, शिबिरात तपासणी करून देतात. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि उत्पन्न बघतात. 'आधी खासगी माणसाला पूर्ण पैसे द्या, निम्मे नंतर खात्यात येतील' असं कुणी म्हणालं की चप्पल घालून बाहेर पडा. पैसे ऑनलाईन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला तासाभरात फोन करा, माझ्यासारखे चार महिने थांबू नका. ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी लावतोय. पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि त्याच्या कार्डावरच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवलेलं रजिस्टर 'असा इसम येथे राहत नाही' म्हणून परत आलंय.

पोरीनं स्वतःच मार्ग काढला. जुना लॅपटॉप १२,००० ला घेतला, त्यावर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते २००६ पासून फुकट आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांच्या ऑनलाईन लायब्ररीत नाव नोंदवलं. डबे घेणाऱ्यांनी एवढंच करा: पोराचं पुस्तक, पोराची वही, पोराच्या हातात यंत्र, आणि तुम्ही गप्प.

काल पुन्हा मेसेज आला. तीच भाषा, नवीन नंबर, या रविवारी इचलकरंजीत, सकाळी ११ वाजता. ठाण्यात जाऊन दाखवला. "घडलं की या," म्हणाले.

मी जाणार आहे. पोरगी दप्तरात पुस्तक घालत म्हणाली, "मीपण येतो."