मायकोरायझा पावडर: माल ठीक, पिशवीवरची कृती चुकीची

मायकोरायझा म्हणजे झाडाच्या मुळांत राहणारी उपयोगी बुरशी. मुंबईतल्या नर्सऱ्यांत मिळणाऱ्या तिच्या पावडरच्या एका १०० ग्रॅमच्या पिशवीबद्दल. ५ पैकी ३ तारे. कापलेले दोन्ही मागच्या बाजूला छापलेल्या कृतीसाठी.

ती कृती म्हणते, पावडर गुळाच्या पाण्यात दोन दिवस भिजवा, बुरशी वाढेल. गुळावर ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी वाढते, मायकोरायझा नाही. मायकोरायझा जिवंत मुळाच्या आत शिरल्याशिवाय वाढतच नाही. मुळाच्या पेशीत ती बारीक फांद्यांचं जाळं करते, तिथे झाडाला फॉस्फरस आणि जस्त देते, बदल्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ घेते. बादलीवर येणारा फेस यीस्ट-जिवाणूंचा.

पावडर मुळाला लागली पाहिजे, बाकी सगळं दुय्यम. दहा-बारा इंची कुंडीत रोप लावताना खड्ड्यात चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, थेट मुळांखाली टाका. जुन्या कुंडीत कडेने पेन्सिलीने चार-पाच भोकं पाडा, बारीक मुळं लागतील इतकी खोल. पावडर भरा, माती लोटा, पाणी द्या. वरून भुरभुरलेली वाया जाते.

सोबत डीएपी किंवा सुपर फॉस्फेट ही फॉस्फरसची खतं नकोत. फॉस्फरस आयता मिळाला की झाड या बुरशीला थारा देत नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणीही (मुळाशी ओतणं) त्या सुमारास टाळा. जुलैत ताटलीत पाणी साचून राहिलं तर मुळंच कुजतात, मग बुरशी राहणार कुठे?

पिशवीवर कोबीचा फोटो आहे, हे तर हसण्यासारखंच. कोबी, मुळा, मोहरी, पालक या बुरशीला जवळ करत नाहीत. ऑर्किडला लागणारी बुरशी वेगळी. मिरची, टोमॅटो, वांगी, मोगरा, लिंबू यांना मात्र जरूर द्या, विशेषतः कुंडीत कोकोपीटच (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल तर. चांगल्या बागेच्या मातीत ती बहुधा आधीच असते.

‘आठ दिवसांत हिरवंगार’ हा पिशवीवरचा दावा सोडून द्या. मुळांत बस्तान बसायलाच तीन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत तजेला दिसलाच, तर श्रेय यात मिसळलेल्या ह्युमिक ॲसिडला (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातला घटक) आणि सीवीडला (समुद्री शेवाळ).

घेताना ग्रॅममागे प्रोपॅग्यूल (ज्यांतून बुरशी नव्याने वाढते ते बीजाणू, तुकडे) किती ते आणि मुदत वाचा. दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगलेली पिशवी घेऊ नका, आतली मागा.