पावसात किंचाळणारा बेल्ट: नाना पेठेतल्या गॅरेजचा अनुभव

पाऊस सुरू झाला की माझ्या गाडीच्या इंजिनचा बेल्ट किंचाळायचा. सिंहगड रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गेलं की हमखास. आधीच्या सर्व्हिस सेंटरने नवा बेल्ट टाकून बिल हातात दिलं, आवाज तसाच.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागे असलेल्या या छोट्या गॅरेजातल्या काकांनी बॉनेट उघडायच्या आधी गाडीखाली वाकून पाहिलं. इंजिनखालचं प्लास्टिकचं स्प्लॅश शील्डच गायब! ऑइल बदलताना ते काढतात आणि कधीकधी परत लावतच नाहीत, असं काका म्हणाले. ते नसलं की चाकाने उडवलेलं पाणी थेट बेल्टवर आणि तो ज्या चाकांवर फिरतो त्या पुल्यांवर जातं आणि ओला बेल्ट घसरतो. चिखलाच्या कणांनी खाचा झिजतात ते वेगळंच.

तरी त्यांनी इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांवर थोडं पाणी फवारलं. आवाज लगेच वाढला तर बेल्ट सैल आहे. थोडा वेळ थांबून पुन्हा मोठ्याने आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. माझा लगेच वाढला. मग त्यांनी बेल्टचा ताण नीट केला, शील्ड मागवून नव्या क्लिपांसह बसवलं. बेल्टवर आवाज दाबणारा स्प्रे मारून वेळ मारून नेली नाही, हे मला फार आवडलं.

शील्ड यायला दोन दिवस लागले, पण धो-धो पावसातही आता आवाज नाही. सकाळी लवकर जा, दुपारी त्या गल्लीत गाडी वळवायला जागा मिळत नाही.